सहा ठिपके आणि डोळसांचा अडसर

अंधांविषयी आपल्या समाजात करुणा मुबलक आहे. अंधांच्या मताविषयी आदर मात्र तितकासा नाही. या दोहोंतील अंतर किती महाग पडते, हे लुई ब्रेल यांच्या चरित्रावरून ध्यानात येते. ज्या लिपीने जगभरच्या अंधांच्या हाती वाचन आणि लेखन दिले, तिला पहिला मोठा विरोध झाला तो पॅरिसच्या अंधशाळेतच, आणि तोही अंधांच्या शिक्षणाची धुरा वाहणाऱ्यांकडून.

ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेकडील कूव्रे या गावी झाला. वडील खोगिरे व घोड्यांचा चामडी साज तयार करीत. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्यारांशी खेळताना टोकदार आरी लुईच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, काही काळाने दुसरा डोळाही सुजला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी पूर्णपणे गेली. एका डोळ्याच्या खोल जखमेनंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा निरोगी डोळ्यावरही उलटू शकते, हे आजचे नेत्रवैद्यक जाणते आणि वेळीच उपचार करू शकते. त्या काळी असा उपाय नव्हता.

आईवडिलांनी मुलाला घरात कोंडून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर शिकला व १८१९ मध्ये पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत दाखल झाला. या शाळेचे संस्थापक व्हॅलेंटिन हाऊई यांनी अंधांसाठी पुस्तके छापली होती. त्यांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावदार केलेली असत. ग्रंथ अवजड होत, वाचन अतिशय संथ चाले आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते. ती अक्षरे मुळात डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटाला त्यांची वळणे चाचपत बसावे लागे.

पुढे चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तीत बारा ठिपके होते. त्यांची आकृती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे आणि ती ध्वनींवर आधारलेली असल्याने शुद्धलेखन वा विरामचिन्हे यांना तीत जागा नव्हती. तथापि ठिपका बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो, हे तिने दाखवून दिले. किशोरवयीन लुईने हे मर्म उचलले, ठिपके सहावर आणले आणि प्रत्येक खूण बोटाच्या अग्राखाली मावेल अशी केली. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीताची लिपी बसली. १८२४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, हे काम बव्हंशी सिद्ध झाले; १८२९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. ते कुशल ऑर्गनवादकही होते. डोळसांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून ठिपक्यांनी रोमन अक्षरे रेखाटण्याची वेगळी पद्धतही त्यांनी १८३९ मध्ये मांडली. अंधांची लिपी त्यांना डोळसांपासून तोडील, हा आक्षेप त्यांनी असा कृतीने खोडून काढला. तरीही १८४० मध्ये संचालक झालेल्या आर्मां द्युफो यांनी शाळेत ठिपक्यांना मज्जाव केला. डोळस शिक्षकाला वाचता येईल तीच लिपी अंधांनी वापरावी, असा तो आग्रह होता. विद्यार्थी मात्र चोरून ठिपक्यांतच लिहीत राहिले. अखेर १८४४ मध्ये, शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, साहाय्यक जोझेफ ग्वादे यांच्या पुढाकाराने या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि मज्जाव गळून पडला. क्षयाने जर्जर झालेले ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी निवर्तले. फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तीत मराठीचा ‘क’ आणि इंग्रजीचा ‘के’ यांचे ठिपके एकच आहेत. शिकणाऱ्याचा भार त्यामुळे हलका होतो. आज पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे संगणकही आले आहेत. त्यांचे मोल मोठे आहे; परंतु केवळ ऐकून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद पक्का होत नाही. बोटाला तो तत्काळ कळतो. म्हणून ध्वनियंत्र आले, आता ब्रेल कशाला, हा सवाल डोळसांनी परस्पर निकालात काढू नये.

द्युफो हे दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतःच्या सोयीला विद्यार्थ्यांचे हित मानले, इतकेच. ही चूक आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत आजही सहज घडू शकते. परिपत्रकाचे नुसते छायाचित्र संकेतस्थळावर टाकले, की वाचक-संगणकाला त्यातील अक्षरे आपोआप सापडतीलच असे नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित ठेवला तर अंध नागरिक तो स्वतः वाचू शकतो. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने उच्चारण्यास शिक्षकाला खर्च येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहितीची सुगमता हे कर्तव्य ठरविले आहे. त्याच्या पालनाचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करता येईल : हे तुम्हाला वाचता येते काय, असे आपल्या अंध विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला आपण विचारले आहे काय?