दुसरे केन्स

अर्थशास्त्राच्या तासाला लॉर्ड केन्स यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे; परीक्षेत त्यांच्या रोजगारविषयक सिद्धांतावर प्रश्न हमखास येतो. पण त्यांना एक धाकटा भाऊ होता आणि तो शल्यविशारद होता, हे मला फार उशिरा कळले. सर जेफ्री केन्स हे त्यांचे नाव. थोरल्या केन्सवर आपल्या ग्रंथालयात एक अख्खे कपाट आहे. धाकट्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

जेफ्री यांचा जन्म २५ मार्च १८८७ रोजी केंब्रिज येथे झाला. वडील विद्यापीठात, आई पुढे त्या शहराची महापौर झाली. घर शिकलेसवरलेले, त्यामुळे पुस्तकांचा नाद लवकर लागला. कवी रूपर्ट ब्रूक हा त्यांचा शाळासोबती. केंब्रिजचे शिक्षण आटोपून ते लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात आले. १९१३ साली व्हर्जिनिया वुल्फ यांनी झोपेचे औषध जादा घेतले, तेव्हा त्यांना वाचविण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत हा तरुण डॉक्टर होता. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. तेथे त्यांनी रक्त चढविण्याचे सुटसुटीत उपकरण तयार केले आणि १९२२ साली त्या विषयावर पुस्तकही लिहिले.

परंतु मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्याच कामाविषयी. त्या काळी स्तनाच्या कर्करोगावर एकच मान्य उपाय होता. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचा स्नायू आणि काखेतील गाठी असे सारे एकसंध काढून टाकीत. रोग मुळापासून सलग पसरत जातो, तेव्हा जितके खोल आणि रुंद कापावे तितके बरे, असा त्यामागील विचार. आमच्या शेतात हरळी काढताना आम्ही असेच करतो. एक कांडी राहिली तरी रान पुन्हा भरते. हॉल्स्टेड यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे येणाऱ्या बायकांच्या गाठी फार वाढलेल्या असत. पण या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या फासळ्या दिसत, हात सुजे, आणि इतके सोसूनही रोग दुसरीकडे उमटून अनेकजणी दगावत.

केन्स यांना शंका आली ती येथे. रोग रक्तावाटे आधीच दूर गेला असेल, तर छाती कितीही कोरून काय उपयोग? आणि गेला नसेल, तर एवढे कोरायचे कशाला? १९२० नंतरच्या दशकात, आपले वरिष्ठ प्राध्यापक गास्क यांच्या सूचनेवरून, त्यांनी प्रथम शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांवर रेडियम वापरून पाहिले. रेडियमच्या बारीक सुया स्तनात व काखेत टोचून काही दिवस तशाच ठेवायच्या. गाठी विरघळू लागल्या. मग शस्त्रक्रिया शक्य असलेल्या स्त्रियांचीही ते केवळ गाठ काढू लागले आणि बाकीचे काम रेडियमवर सोपवू लागले. या स्त्रिया मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांइतक्याच जगतात, असे त्यांनी १९३७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकडे देऊन मांडले. बहुतेक शल्यविशारदांना ते पटले नाही. दोन वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले, केन्स हवाई दलात गेले आणि हे काम थांबले.

न पटणाऱ्यांचेही थोडे खरे होते, असे मला वाटते. एका डॉक्टरने आपल्याच रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष तो. पक्का पुरावा यायला चिठ्ठी टाकून उपचार ठरविण्याची पद्धत लागली. इटलीत वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर आणि अमेरिकेत फिशर यांनी १८५१ स्त्रियांवर असे प्रयोग केले. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले: स्तन राखला काय, काढला काय, आयुष्यात फरक पडत नाही. मात्र फिशर यांच्या प्रयोगात नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. किरणोपचारही झालेल्यांत तो १४ टक्के होता. म्हणजे केन्स यांचा किरणांवरचा भरवसा खोटा नव्हता.

मग गाठीभोवतीचे किती कापायचे? हा प्रश्न मला माझ्या आत्यामुळे पडला. तिने छातीतली गाठ आठ महिने लपवली. मरणापेक्षा, सगळे कापून टाकतील याचेच तिला भय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचा तिचा रिपोर्ट वाचायचे काम माझ्याकडे आले. कडा मोकळ्या आहेत, असे त्यात लिहिले होते. अर्थ मी डॉक्टरीणबाईंना विचारला. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई फासतात, मग त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर आत काही राहिले असण्याचा धोका असतो आणि बहुधा पुन्हा कापावे लागते. पूर्वी भोवतीचे काही मिलिमीटर निरोगी मांस हवेच, असा अनेकांचा आग्रह असे. पसरू लागलेल्या कर्करोगात किरणोपचार होणार असतील, तर पेशी शाईला न टेकणे पुरेसे, असे अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २०१४ साली ठरविले. आत्याने हे सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की मग चोळी नेहमीचीच शिवायची ना.

केन्स यांना १९५५ साली सर हा किताब मिळाला. कला शाखेच्या आपल्याला त्यांची ओळख खरे तर ब्लेकमुळे व्हायला हवी होती. त्या कवीच्या साहित्याची पहिली मोठी सूची त्यांनी १९२१ साली, शस्त्रक्रिया करता करताच सिद्ध केली. चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, वेरोनेसी यांचे पहिले निष्कर्ष छापून आले. ५ जुलै १९८२ रोजी केन्स वारले.