जेफ्री इंग्राम टेलर

सर जेफ्री इंग्राम टेलर (७ मार्च १८८६, लंडन – २७ जून १९७५, केंब्रिज) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. द्रव व वायू यांच्या प्रवाहांचे शास्त्र आणि घन पदार्थांचे बल या विषयांत त्यांनी मूलभूत संशोधन केले. विद्युत क्षेत्रात द्रवाला येणाऱ्या शंक्वाकृती आकाराचे गणित त्यांनी १९६४ मध्ये मांडले. हा आकार ‘टेलर शंकू’ या नावाने ओळखला जातो. विद्युत-कताईने तयार होणारे नॅनोतंतू याच शंकूच्या टोकातून निघतात. अशा तंतूंच्या जाळ्यांचा उपयोग ऊतक अभियांत्रिकीत पेशींच्या वाढीसाठी आधारचौकट म्हणून केला जातो.

बालपण व शिक्षण

टेलर यांचे वडील चित्रकार होते. आई मार्गारेट या प्रसिद्ध गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या कन्या. आजी मेरी एव्हरेस्ट बूल या भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत्या. जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचेच नाव दिलेले आहे. टेलर यांचे उच्च शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये झाले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या शोधनिबंधात त्यांनी अतिशय मंद प्रकाशातही व्यतिकरणाचे पट्टे उमटतात, हे दाखवून दिले.

कारकीर्द

टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर उत्तर अटलांटिक महासागरातील हिमनगांवर लक्ष ठेवण्यासाठी १९१३ मध्ये ‘स्कॉशिया’ हे जहाज पाठवण्यात आले. त्यावर टेलर हवामानशास्त्रज्ञ म्हणून गेले. पतंग व फुगे सोडून त्यांनी हवेच्या थरांची मोजमापे घेतली. हवेतील संक्षोभासंबंधीच्या त्यांच्या विचारांचा पाया तेथे घातला गेला. पहिल्या महायुद्धात ते फार्नबरो येथील विमान कारखान्यात काम करत होते. त्याच काळात ते विमान चालवण्यासही शिकले. १९१९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

फिरत्या दंडगोलांमधील द्रवाचा प्रवाह केव्हा अस्थिर होतो, हे त्यांनी १९२३ मध्ये सिद्ध केले. धातू वाकण्यामागे स्फटिकरचनेतील दोष असतात, ही कल्पना त्यांनी १९३४ मध्ये मांडली. ओरोवान व पोलान्यी हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. टेलर यांना शिडाच्या नौकेतून प्रवास करण्याची आवड होती. त्यांनी तयार केलेला नांगराच्या फाळासारखा जहाजाचा नांगर अनेक नौकांवर वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धात स्फोटलहरींच्या अभ्यासामुळे त्यांचा अणुबॉम्ब प्रकल्पाशी संबंध आला.

टेलर शंकू

वादळी ढगांतील थेंबांवर विद्युत क्षेत्राचा काय परिणाम होतो, हा प्रश्न टेलर यांच्यासमोर फार पूर्वीपासून होता. १९२५ मध्ये सी. टी. आर. विल्सन यांच्यासह त्यांनी साबणाच्या फुग्यांवर प्रयोग केले होते. सुमारे चार दशकांनी, निवृत्तीनंतर, ते पुन्हा या विषयाकडे वळले. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षे होते.

पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, तर विद्युत बल त्याला बाहेर ओढते. ही दोन्ही बले समतोल असताना विद्युतवाहक द्रवाचा शंकू होतो आणि त्याच्या अक्षाशी बाजूचा कोन ४९.३ अंश असतो, असे टेलर यांच्या गणितातून निघाले. विद्युत दाब वाढत गेला की टोकातून बारीक धार सुटते. अशा धारांवरील त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सन्मान व निधन

१९४४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब आणि रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. १९६९ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान देण्यात आला. १९७५ मध्ये केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

ऊतक अभियांत्रिकीतील महत्त्व

विद्युत-कताई हा टेलर यांचा शोध नव्हे. अँटन फॉर्महाल्स यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९३४ मध्येच मिळाले होते. मात्र धार नेमकी कशी सुटते, याचा गणिती आधार टेलर यांनी दिला. १९९० च्या दशकात डॅरेल रेनेकर व इतर संशोधकांनी या पद्धतीकडे नव्याने लक्ष वेधले. बहुवारिकाचे द्रावण सुईतून सोडून तिला हजारो व्होल्टचा दाब दिला जातो. शंकूतून निघालेली धार हवेत वेगाने वळवळत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पट्टीवर तंतूंची चटई जमते. पुढे बहुवारिकांच्या द्रावणांसाठी शंकूचा कोन याहून लहान, सुमारे ३३.५ अंश असतो, असे रेनेकर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले.  

शरीरात पेशींभोवती कोलॅजनसारख्या सूक्ष्म तंतूंचे जाळे असते. विद्युत-कताईने मिळणाऱ्या तंतूंची जाडी साधारण त्याच पल्ल्यातली असल्यामुळे पेशी त्यांना चिकटतात व त्यांच्यावर पसरतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखे हळूहळू विघटन पावणारे पदार्थ वापरले, तर नवे ऊतक तयार होत असताना चौकट नाहीशी होत जाते; घर उभे राहिल्यावर परांची काढावी, तसाच हा प्रकार आहे. त्वचा, कूर्चा, अस्थी व रक्तवाहिन्या यांसाठी अशा चौकटींवर संशोधन होत आहे. तंतू दाट बसल्याने छिद्रे लहान राहतात आणि पेशी खोलवर शिरू शकत नाहीत, ही त्यातील मोठी अडचण आहे.