कार्पेटवर फवारायचा साबण मधेच का बंद पडतो? उत्तर एका इटालियन पाद्र्याकडे आहे

हॉटेलचं किंवा ऑफिसचं कार्पेट मशीनने धुताना बरेचदा आधी त्यावर साबणाचं पाणी फवारतात. त्यासाठी मशीनच्या पाण्याच्या पाइपला जोडायचा एक स्प्रेअर मिळतो, त्याला खाली साबणाचा डबा लटकलेला असतो. त्या डब्याला स्वतःचा पंप नसतो. तरी साबण वर चढतो आणि पाण्यात मिसळतो. कसा, ते समजायला मला जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरीची गोष्ट सगळ्यात सोपी वाटते.

व्हेंचुरीचा जन्म १७४६ चा, इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या बिब्बियानो गावातला. आधी तो पाद्री झाला, मग मोदेना विद्यापीठात शिकवायला लागला. १७९६ मध्ये नेपोलियनचं सैन्य उत्तर इटलीत घुसलं. मोदेनाच्या ड्यूकने वाटाघाटीसाठी पॅरिसला माणसं पाठवली, त्यांत हाही होता. बोलणी फसली, पण हा तिथेच थांबला. (राजकारणापेक्षा प्रयोग बरे, असं मलाही वाटलं असतं.)

१७९७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये दोन पुस्तकं छापली. एक लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांवर. चित्रकार म्हणून गाजलेल्या या माणसाने विज्ञानातही किती काम केलंय, हे त्याने जगाला दाखवलं. दुसरं वाहत्या पाण्यावरच्या प्रयोगांचं, आणि आपलं काम त्याच्याशी आहे.

वेगाने जाणारं पाणी आजूबाजूचं थांबलेलं पाणीही सोबत ओढून नेतं, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. एका प्रयोगात त्याने वाहत्या पाण्याच्या नळीला काचेची वाकडी नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक खाली रंगीत पाण्यात बुडवलं. रंगीत पाणी आपोआप वर चढलं! पाइप अरुंद झाला की तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून ती खालचं पाणी वर ढकलते. रंगीत पाण्याच्या जागी शॅम्पू ठेवा, झाला तुमचा स्प्रेअर.

आता बिघाड. साबण येईना की बरेच जण पंपाचा दाब वाढवतात किंवा साबण आणखी दाट करतात. ओरडा मात्र कार्पेट धुणाऱ्या पोराला बसतो. दोन्ही उपाय चुकीचे. दाट साबण त्या बारीक भोकातून आणखी कमी जातो. आणि मध्येच ते भोक मोकळं झालं तर कार्पेटमध्ये जास्तीचा साबण राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि कार्पेट लवकर मळतं.

आधी डब्यातली नळी काढून तिच्या टोकाची जाळी बघा. पावडर नीट विरघळली नसेल तर गठ्ठा तिथेच अडकतो. मग साबणाचं प्रमाण ठरवणारं छोटं भोक गरम पाण्याने धुवा. नळीला बारीकशी चीर असेल तर साबणाऐवजी हवा ओढली जाते. हे सगळं ठीक असेल तर पुढचा नोझल बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. नोझल तुंबला की पाणी मागे तटतं, अरुंद जागेतला दाब वाढतो आणि ओढच संपते. म्हणजे दोष पुढे आणि आपण शोधतोय मागे, अगदी कोडमधल्या बगसारखं. काम संपल्यावर डब्यात साधं पाणी भरून थोडा वेळ फवारलं तर यातलं बरंचसं होतच नाही.

व्हेंचुरी पुढे पाव्हियाला प्राध्यापक झाला, मग बर्नला बरीच वर्षं राजनैतिक प्रतिनिधी होता. शेवटी गॅलिलिओची कागदपत्रं छापण्यात रमला आणि १८२२ मध्ये वारला. पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर अमेरिकन इंजिनिअर क्लेमेन्स हर्शेलने बनवला तो १८८७ च्या सुमारास. त्याने स्वतःचं नाव न देता त्याला व्हेंचुरीचं नाव दिलं. तेव्हा व्हेंचुरीला जाऊन ६५ वर्षं झाली होती.