विश्लेषण : एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने! मायकेल फॅरेडे मुलांना काय दाखवत होते?

आजची वीजनिर्मिती ज्या तत्त्वावर चालते ते १८३१ मध्ये शोधणारे मायकेल फॅरेडे वयाच्या ६९ व्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर उभे राहिले, ते मेणबत्ती घेऊन. १८६० च्या नाताळातील ही गोष्ट. तोवर स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. मुलांसाठीची ही त्यांची शेवटची व्याख्यानमाला ठरली.

शाळा नाही, मग विज्ञान आले कुठून?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, घरात ओढाताण, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी ते जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकू लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचूनही काढत. जेन मार्सेट यांचे नवशिक्यांसाठीचे रसायनशास्त्राचे पुस्तक असेच हाती पडले. त्यातले प्रयोग परवडतील तेवढ्या साहित्यात ते स्वतः करून पाहत. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी टिपणे काढली, ती स्वतःच बांधून डेव्हींना धाडली. मार्च १८१३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायकाची नोकरी मिळाली. बांधणीचे कौशल्य असे कामी आले.

मेणबत्तीच का?

ती तेव्हा घरोघरी होती आणि तिच्यात जवळपास सगळे रसायनशास्त्र सामावलेले होते. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुराला दोन-तीन इंचांवरून जळती काडी लावली, की ज्योत धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे जळते ते घट्ट मेण नव्हे, त्याची वाफ. ज्योतीच्या मध्यात कागद क्षणभर आडवा धरला, तर करपल्याचे कडे उमटते आणि मधला भाग कोरा राहतो, कारण ज्वलन होते ते हवा मिळणाऱ्या कडेला. बर्फ-मीठ घातलेले भांडे ज्योतीवर धरले, की तळाला चक्क पाण्याचे थेंब! (घरी करायचे तर मोठे माणूस शेजारी हवेच.)

शेवटच्या व्याख्यानात ते श्वासापर्यंत पोहोचले. मेणबत्तीच्या धुराने चुन्याची निवळी दुधाळ होते, तशीच ती माणसाने फुंकलेल्या हवेनेही होते. दोन्हींत कार्बन डायऑक्साइड. शरीरात अन्नाचे होते ते एक संथ ज्वलनच, हे मुलांना सूत्राविना कळले.

पुढे काय झाले?

१८२७ पासून त्यांनी अशा १९ व्याख्यानमाला दिल्या होत्या. मेणबत्तीवरील व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी संपादित केली आणि १८६१ मध्ये ती पुस्तकरूपात आली. ‘सर’ हा किताब नाकारणारे फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे वारले. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता नाताळची ही व्याख्याने आजही होतात.