शुभ्र प्रकाशाचा साधक : कार्ल आउअर

लग्नाची वरात असो, देवळातील कीर्तन असो, की जत्रेतील तमाशाचा फड असो. ज्या काळी गावोगावी वीज पोहोचली नव्हती, त्या काळी अशा प्रत्येक प्रसंगी गॅसबत्ती हटकून असे. पंप मारताच काचेआडची इवलीशी जाळी फुसफुसत पेटे आणि सारे अंगण दुधासारख्या प्रकाशाने न्हाऊन निघे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ती बत्ती चांगली आठवत असेल. परंतु त्या जाळीत प्रकाश भरणाऱ्या पुरुषाचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हे ते नाव.

कार्ल यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे वडील आलोइस आउअर हे तेथील सरकारी मुद्रणालयाचे संचालक होते. झाडाचे पान शिशाच्या मऊ पत्र्यावर दाबून त्याचा शिरांसकट ठसा घ्यावयाचा व त्यावरून छपाई करावयाची, ही निसर्गमुद्रणाची कला त्यांनी नावारूपास आणली होती. त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव म्हणून १८६० मध्ये त्यांना सरदारकी मिळाली. पण पितृछत्र कार्ल यांना फार काळ लाभले नाही. १८६९ मध्ये वडील निवर्तले, तेव्हा कार्ल अवघे दहा वर्षांचे होते.

व्हिएन्नातील शिक्षणानंतर १८८० मध्ये ते जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन या थोर रसायनशास्त्रज्ञांच्या चरणी विद्यार्जनासाठी गेले. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन ज्वालकाला ज्यांचे नाव आहे, तेच हे बुन्सेन. प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत तापविले असता आपापल्या ठराविक रंगांच्या रेषा वर्णपटात दाखविते, हे त्यांनी किर्खहोफ यांच्या सहकार्याने सिद्ध केले होते. माणसाला जसा बोटाचा ठसा, तशी मूलद्रव्याला ही रेषांची खूण! ही विद्या कार्ल यांनी आत्मसात केली. १८८२ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते व्हिएन्नास परतले आणि प्राध्यापक लीबेन यांच्या प्रयोगशाळेत विनावेतन काम करू लागले.

त्यांनी संशोधनासाठी निवडलेला विषय मोठा चिवट होता. विरल मृत्तिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की, त्यांना वेगळे करताना भल्याभल्यांची मती गुंग होते. ‘डिडिमियम’ हे त्यांतीलच एक मूलद्रव्य, असे सुमारे चाळीस वर्षे मानले जात होते. कार्ल यांना त्याविषयी संशय आला. त्याचे लवण पाण्यात विरघळवावयाचे, पाणी आटवावयाचे, प्रथम बनलेले स्फटिक बाजूला काढावयाचे आणि पुन्हा विरघळवावयाचे, हा क्रम त्यांनी शेकडो वेळा केला. अखेर १८८५ मध्ये एका पात्रात हिरवट आणि दुसऱ्या पात्रात जांभळट गुलाबी लवण उरले. एक म्हटलेले मूलद्रव्य दोन निघाले! प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम अशी त्यांची नावे ठेवण्यात आली.

याच खटाटोपात त्यांना आयुष्याची दिशा सापडली. ज्योतीतील रेषा अधिक काळ न्याहाळता याव्यात म्हणून त्यांनी सुताचा धागा लवणाच्या द्रावणात भिजवून ज्योतीत धरला. सूत जळून गेले. पण त्या जागी धातूच्या भस्माचा नाजूक सांगाडा तसाच उभा राहिला आणि लखलखू लागला. दुसऱ्या एखाद्याने आपल्या रेषा टिपून घेऊन धागा फेकून दिला असता. कार्ल यांच्या मनात विचार आला की, सुताची जाळी विणून ती गॅसच्या ज्योतीवर टांगली तर तिचाच दिवा का होऊ नये?

त्या काळी युरोपातील रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. पण त्यांची ज्योत पिवळी, मंद आणि काजळी धरणारी असे. कार्ल यांनी मॅग्नेशियम, लँथॅनम व इट्रियम यांच्या भस्मांची जाळी सिद्ध केली, १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि लवकरच व्हिएन्नाजवळील आट्सगर्सडॉर्फ येथे कारखाना सुरू झाला. परंतु हा दिवा लोकांच्या पसंतीस उतरला नाही. जाळी किंचित धक्क्यानेही भुगा होऊन पडे. शिवाय तिच्या प्रकाशात हिरवट झाक होती. तसल्या उजेडात कोणाला आपल्या दिवाणखान्यात बसावेसे वाटणार? १८८९ मध्ये कारखाना बंद पडला. ज्यांनी मोठ्या आशेने पैसा लावला होता ते निराश झाले, आणि इकडे विजेचा दिवा दिवसेंदिवस पुढे सरकत होता.

कार्ल मात्र पुन्हा प्रयोगशाळेत शिरले. थोरियमच्या भस्माने चांगला प्रकाश मिळतो असे त्यांना दिसले होते. तेव्हा ते अधिक शुद्ध केल्यास प्रकाशही वाढेल, अशा समजुतीने ते शुद्धीकरणास लागले. पण घडले ते विपरीतच! थोरियम जसजसे शुद्ध होत गेले, तसतसा प्रकाश मावळत गेला. चिडून काम सोडून द्यावे असाच हा प्रसंग होता. कार्ल यांनी शांतपणे उलट बाजूने शोध घेतला. जो मळ आपण मोठ्या कष्टाने काढून टाकला, त्यातच प्रकाशाचे बीज असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. तो मळ म्हणजे सेरियम. शेकडा ९९ भाग थोरियमचे भस्म आणि केवळ १ भाग सेरियमचे भस्म, हे प्रमाण अखेर ठरले. सेरियम याहून फार वाढविले तरी प्रकाश घटतो आणि अजिबात काढले तरी घटतो. थोरियम ज्योतीची उष्णता वाया जाऊ देत नाही व सेरियम त्या उष्णतेचे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करते, अशी ही जोडी आहे. १८९१ मध्ये व्हिएन्नातील एका उपाहारगृहासमोर नवा दिवा लागला आणि रस्ता शुभ्र प्रकाशाने उजळून निघाला. पुढे थोड्याच वर्षांत तो जगभर पसरला. त्यासाठी लागणारे थोरियम ज्या मोनॅझाइट खनिजातून मिळते, ते १९०९ मध्ये आपल्या देशातील त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूतही सापडले.

गॅसच्या दिव्याने कीर्ती आणि संपत्ती दिली, तरी त्याच दिव्याला कवटाळून बसण्याचा मोह कार्ल यांना झाला नाही. पुढचा काळ विजेचा आहे हे ओळखून त्यांनी ऑस्मियम या अतिशय उच्च तापमानाला वितळणाऱ्या धातूची तार तयार केली आणि विजेच्या दिव्यात बसविली. ‘ओसराम’ हे प्रसिद्ध नाव ऑस्मियम आणि वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टन, या दोन धातूंच्या नावांतून बनले आहे. थोरियम काढून घेतल्यावर उरणाऱ्या टाकाऊ भागाचाही त्यांनी उपयोग शोधला. त्यातील सेरियममध्ये लोखंड मिसळून १९०३ मध्ये त्यांनी ठिणगी पाडणारा मिश्रधातू बनविला. सिगारेट लायटरमधील बारीकसा खडा तो हाच.

यशाबरोबर मनस्तापही वाट्यास आला. यिटर्बियम हेही एक मूलद्रव्य नसून दोन आहेत, हे त्यांनी दाखविले. पण फ्रान्सचे उर्बें यांनी त्याच सुमारास तेच सिद्ध केल्याने मोठा वाद झाला आणि निर्णय उर्बें यांच्या बाजूने लागला. कार्ल यांनी आपले काम थांबविले नाही. कॅरिंथिया प्रांतातील आपल्या वाड्यात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. त्याच वाड्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळे पुढे अनेक ठिकाणी जाळीसाठी इट्रियमसारख्या निर्धोक धातूंचा उपयोग होऊ लागला. शुभ्र प्रकाश हवा, पण विष नको, हा शोध अद्याप संपलेला नाही. क्लोरीन, ब्रोमीन वा आयोडीन यांच्याशी धातूंचा संयोग होऊन जी हॅलाइडे बनतात, त्यांतील शिसेयुक्त हॅलाइडे सुंदर प्रकाश देतात. पण शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून शिसे वगळून पांढरा प्रकाश देणारी हॅलाइडे शोधण्यात जगातील अनेक संशोधक गढले आहेत. सीझियम, चांदी, सोडियम, इंडियम आणि क्लोरीन यांच्या अशाच एका स्फटिकाचा वृत्तांत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिनील किरणांचे १०० प्रकाशकण शोषून तो सुमारे ८६ दृश्य प्रकाशकण परत देतो. त्याचा प्रकाश इतका खुलविण्यात चिमूटभर बिस्मथचा, शेकडा अवघ्या ०.०४ भागाचा, मोठा वाटा आहे. शेकडा एक भाग सेरियमची आठवण येथे कोणाला होणार नाही?

प्रयोग फसला की आपण नशिबाला बोल लावतो आणि वही मिटवून ठेवतो. कार्ल आउअर यांनी फसलेल्या प्रयोगालाच प्रश्न विचारला, आणि जो कण त्यांनी मळ म्हणून दूर सारला होता, त्यानेच त्यांच्या दिव्यात प्रकाश भरला. प्रयोगशाळेत एखादे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर खोडरबर हाती घेण्यापूर्वी आपण या पुरुषाचे क्षणभर स्मरण करावे.