स्वतःला गिटार सुरात लावता येत नव्हती, पण या गड्यानं अख्ख्या जगाला बेस गिटार वाजवायला लावली

गाणं वाजत असतं. गायकाचा आवाज येतो, ढोलक येतो, गिटार येते. या सगळ्यांच्या खालून एक जाड, भारदस्त आवाजाची ओळ चाललेली असते. ती सुरू असताना कुणाचं लक्ष जात नाही, पण बंद झाली की गाणं पोकळ वाटायला लागतं. ही ओळ म्हणजे बेस गिटार. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ जे वाजवायचे, ते हेच वाद्य.

आज बेस शिकायची हौस असलेल्या पोरांचा एक ठरलेला हिशोब असतो. आधी एखादी स्वस्तातली, छोट्या मापाची बेस घ्यायची. हात बसला की तारा बदलायच्या. पुढच्या महिन्यात पैसे साठले की पिकअप, मग ब्रिज, मग चाव्या. एकेक पार्ट बदलत त्याच स्वस्त बेसला महागड्या बेसच्या जवळ न्यायचं.

हे शक्य होतं, कारण हे वाद्य मुळात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आलंय. वस्तू बिघडणार आणि कुणीतरी ती उघडणार, हे धरूनच त्यानं ती बनवली होती.

त्या माणसाचं नाव लिओ फेंडर.

१० ऑगस्ट १९०९ ला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात त्याचा जन्म झाला. आईवडील शेतकरी, फुलर्टन आणि अनाहाइम या गावांच्या मधोमध त्यांची संत्र्यांची बाग. लिओ आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा याच कारणानं तो बाद ठरला.

लिओच्या एका काकाचं सांता मारिया गावात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना या काकानं त्याला एक खोकं पाठवलं. त्यात गाडीच्या रेडिओचे टाकाऊ पार्ट आणि एक बॅटरी होती. पुढं तो काकाच्या दुकानात गेला, तर तिथं काकानं सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ मोठ्यानं वाजत होता. पोरगं तिथंच अडकलं ते कायमचं.

पण इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण त्यानं कधी घेतलंच नाही. कॉलेजात विषय घेतला हिशोबाचा. आधी बर्फाच्या कंपनीत पोचवणीचं काम, मग तिथंच हिशोबनीस, मग सरकारी महामार्ग खात्यात नोकरी. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्कीशी लग्न झालं. तेवढ्यात मंदीच्या फटक्यात महामार्ग खात्यातली नोकरी गेली. त्यानंतर एका टायर कंपनीत हिशोब लिहायला लागला, तर सहा महिन्यांत तीही गेली.

१९३८ मध्ये लिओनं ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला परत येऊन दुकान टाकलं. नाव फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुकानात रेडिओ यायचेच, पण हळूहळू गावातले वादकही यायला लागले. कुणाचा अँपलिफायर जळलेला, कुणाच्या गिटारीचा पिकअप मेलेला. त्या काळी कॅलिफोर्नियात डान्स हॉलचं मोठं वेड होतं. शेकडो माणसं नाचायची, त्या गोंगाटात साधी गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. वादक लिओकडे येऊन गाऱ्हाणं मांडायचे आणि लिओ ऐकून घ्यायचा.

गंमत म्हणजे लिओला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी थोडा पियानो आणि सॅक्सोफोन शिकला होता, पण गिटार सुरातसुद्धा लावता यायची नाही. त्यामुळं वादकांचं म्हणणं ऐकण्यावाचून त्याच्यापुढं मार्गच नव्हता. नवीन वस्तू बनली की तो ती घेऊन कार्यक्रमाच्या ठिकाणी जायचा, वादकाच्या हातात द्यायचा आणि ऐकत बसायचा. तक्रार आली की परत दुकानात जाऊन बदल करायचा.

डॉक कॉफमन या वादक-मेकॅनिकबरोबर भागीदारी करून त्यानं लॅप स्टील गिटार आणि अँपलिफायर बनवायला सुरुवात केली. पण कर्जाच्या भीतीनं कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओ मागं हटला नाही. एस्थरची टेलिफोन कंपनीतली नोकरी होती, अडचणीच्या दिवसांत तिच्या पगाराचा आधार मोठा होता.

१९५० मध्ये लिओनं एक सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तीच पुढं टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. धंद्यातल्या लोकांनी तिची टिंगल केली, होडीचं वल्हं म्हणाले. पण तिच्यात एक खुबी होती. जुन्या गिटारींची मान अंगाला सरसानं चिकटवलेली असायची. ती मोडली की कुशल कारागीर शोधा, आठवडेच्या आठवडे थांबा. लिओनं मान चक्क चार स्क्रूंवर बसवली. बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी मान लावा आणि रात्रीच्या कार्यक्रमाला जा.

आता येऊ बेसवर.

त्या काळी बेस वाजवायचा म्हणजे माणसाएवढ्या उंचीचं लाकडी धूड उभं धरायचं. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं. बरं, एवढं करून बँडच्या आवाजात ते ऐकू जाईलच याची खात्री नाही. शिवाय त्यावर पडदे नसतात, त्यामुळं बोट जरा इकडं तिकडं झालं की सूर बिघडतो.

१९५१ च्या शेवटी लिओनं प्रिसिजन बेस आणली. गिटारीसारखी गळ्यात अडकवायची, चार तारांची, पडदे असलेली. पडद्यांमुळं सूर अचूक लागणार, म्हणून नाव प्रिसिजन.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पडदे असलेली इलेक्ट्रिक बेस सगळ्यात आधी लिओनं बनवली नाही. सिएटलच्या पॉल टटमार्कनं १९३० च्या दशकातच तसं वाद्य बनवून विकायला काढलं होतं, पण ते चाललं नाही. लिओनं ते कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवलं आणि वादकांच्या गळ्यात उतरवलं. बेसचा आवाज पेलेल असा बासमन नावाचा अँपलिफायरही त्यानं पाठोपाठ आणला. लायनेल हॅम्पटनच्या बँडमध्ये मंक मॉन्टगोमरी ही बेस वाजवायला लागला आणि जॅझवाल्यांचं लक्ष गेलं.

या बेसचं माप होतं ३४ इंच. माप म्हणजे स्केल, वर नटपासून खाली ब्रिजपर्यंत तार जेवढी मोकळी कंप पावते ती लांबी. लिओनं वेगवेगळ्या लांब्या करून पाहिल्या आणि ३४ वर थांबला. आजही बहुतेक बेस याच मापाच्या असतात.

पण ३४ इंच प्रत्येकाच्या हाताला मानवत नाही. हात छोटा असेल तर पहिल्या चार पडद्यांवर बोटं ताणताना घाम फुटतो. शिकाऊ पोरांसाठी स्वस्त आणि लहान मापाच्या गिटारी लिओनं १९५६ पासूनच काढल्या होत्या. तोच विचार बेसमध्ये आला तो मस्टँग बेसच्या रूपानं. माप ३० इंच, अंग आटोपशीर. १९६६ मध्ये ती बाजारात आली. फेंडर कंपनीसाठी लिओनं आखलेली ही शेवटची बेस समजली जाते.

शेवटची, कारण ती दुकानात पोचली तेव्हा कंपनी लिओची राहिलीच नव्हती.

झालं असं की, १९५० च्या दशकात लिओला सायनसचा चिवट जंतुसंसर्ग झाला. औषधं झाली, वर्षं गेली, दुखणं हटेना. आपण आता फार दिवस काढत नाही असं त्याच्या मनानं घेतलं. कंपनी जोरात होती, मागणी पुरी करता येत नव्हती, पण मालकाच्या अंगात बळ नव्हतं. शेवटी जानेवारी १९६५ मध्ये त्यानं कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. याच सीबीएसनं काही महिन्यांपूर्वी न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघाची ८० टक्के मालकी १ कोटी १२ लाखांना घेतली होती. म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निघालेल्या कंपनीला त्याहून जास्त भाव मिळाला.

आणि मग लिओ बरा झाला.

एका नव्या डॉक्टरनं अँटिबायोटिकचा जोरदार डोस दिला आणि दुखणं गेलं. मरायच्या भीतीनं ज्यानं घर-दार सोडावं तसा कारखाना सोडला, तो ठणठणीत उभा होता. पण करार झाला होता. दहा वर्षं त्याला सीबीएसशी स्पर्धा करता येणार नव्हती, आणि फेंडर हे नाव आता कंपनीचं होतं. स्वतःच्या गिटारीवर स्वतःचं आडनाव लिहायची सोय उरली नाही.

इकडं सीबीएसनं खर्चाला कात्री लावायला सुरुवात केली. चार स्क्रूंची मान काही मॉडेल्सवर तीन स्क्रूंवर आली. १९६५ च्या आधीची फेंडर आणि नंतरची फेंडर असा फरक वादक करायला लागले. तो आजही केला जातो, आणि जुन्या वाद्यांची किंमत त्यावरच ठरते.

लिओ मात्र घरी बसला नाही. कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी म्युझिक मॅन नावाची कंपनी काढली होती, त्यात तो पडद्याआडून सामील झाला. कराराची मुदत संपल्यावर १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी स्टिंगरे बेस आली. तिच्या आत बॅटरीवर चालणारं सर्किट होतं, त्यामुळं वादकाला स्टेजवर उभ्या उभ्या जाड आणि बारीक आवाज कमी-जास्त करता यायचा. फंक संगीतात ही बेस धुमाकूळ घालून गेली.

भागीदारांशी बिनसल्यावर लिओनं १९८० मध्ये जुना सोबती जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर जी अँड एल काढली. जी म्हणजे जॉर्ज, एल म्हणजे लिओ. त्याच्या आदल्या वर्षी एस्थर कॅन्सरनं गेली होती. तोवर लिओ सत्तरीत पोचला होता. गावानं त्याच्या नावाचा रस्ता केला होता, फेंडर ॲव्हेन्यू. त्याचा कारखाना त्याच रस्त्यावर होता. पत्त्यात त्याचं नाव चालायचं, गिटारीवर चालायचं नाही.

पुढं पार्किन्सन्सनं गाठलं, तरी तो रोज कामावर यायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला, त्याच्या आदल्या दिवशीही तो कारखान्यात होता.

आता परत त्या स्वस्त बेसकडे.

फेंडर कंपनीनं १९८२ मध्ये स्क्वायर या नावानं कमी किमतीची वाद्यं काढायला सुरुवात केली. स्क्वायरची ब्राँको बेस म्हणजे मस्टँगच्याच घराण्यातली ३० इंची गरीब भावंड. तिच्यात बेसचा नाही तर गिटारीच्या मापाचा पिकअप असतो, म्हणून लोक पहिल्यांदा तोच बदलतात. स्ट्रॅटोकास्टर गिटारीला बसणारे पिकअप तिला बसतात, त्यामुळं पर्याय भरपूर.

पण अनुभवी माणसं पिकअपच्याही आधी दुसरं काम सांगतात, ते म्हणजे सेटअप. मान किती वाकलीय ते ट्रस रॉडनं नीट करणं, तारांची उंची कमी करणं, ब्रिज पुढं-मागं करून प्रत्येक पडद्यावरचा सूर जुळवणं. पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यात हे होतं, आणि निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. त्यानंतर तारा. ३० इंची बेसला शॉर्ट स्केलच्याच तारा घ्यायच्या. ३४ इंची बेसच्या तारा लावल्या तर तारेचा जाड भाग चावीवर गुंडाळला जातो आणि तार कमजोर होऊन तुटू शकते. छोट्या मापावर तारांचा ताण कमी असतो, त्यामुळं बोटांना त्रास कमी, पण जाड तार ढिली वाटू शकते. तसं वाटलं तर थोड्या जाड गेजच्या तारा लावून पाहायच्या. पिकअप, ब्रिज आणि चाव्या त्याच्याही नंतर.

आणि छोटी बेस म्हणजे पोरखेळ असंही नाही. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमननं मस्टँग वाजवली, टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथनं वाजवली. शिकाऊंसाठी काढलेली वस्तू थेट मोठ्या स्टेजवर गेली.

यातलं एकही काम करायला वाद्य तोडावं लागत नाही, सरस वितळवावा लागत नाही. स्क्रू काढायचे, पार्ट बदलायचा, स्क्रू लावायचे. लिओ फेंडरचं नाव त्याच्या हयातीतच विकलं गेलं आणि त्याला ते परत मिळालं नाही. पण मानेमागचे ते चार स्क्रू आज त्याच्याशी काही संबंध नसलेल्या कंपन्यांच्या स्वस्तातल्या बेसवरही दिसतात.