दोन व्हॉल्व्हची कासवं

रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मायक्रोकंट्रोलर, सेन्सर्स आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जागून डीबग केलेला कोड! पण एका माणसाने प्रोग्रामची एक ओळही न लिहिता असे रोबोट बनवले की बघणाऱ्यांना ते जिवंतच वाटायचे. त्यांचं नाव विल्यम ग्रे वॉल्टर. आणि गंमत म्हणजे, हे गृहस्थ इंजिनिअर नव्हतेच.

जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत. पण लहानपणीच ते इंग्लंडला आले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकले. तिथे फेलोशिप काही मिळाली नाही. मग लंडनला मेंदूतल्या विद्युत लहरींवर, म्हणजे ईईजीवर, काम सुरू केलं. कवटी न उघडता, नुसत्या लहरींवरून मेंदूतली गाठ कुठे आहे हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं. १९३९ मध्ये ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

मेंदूत अब्जावधी पेशी असतात. पण वॉल्टर यांचं म्हणणं असं, की नुसत्या संख्येत काही नाही, पेशी एकमेकींना कशा जोडल्यात ते महत्त्वाचं. मग दोनच पेशींचा प्राणी बनवला तर? १९४८-४९ मध्ये त्यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन कासवं तयार केली. दोन व्हॉल्व्ह, दोन रिले, दोन मोटर्स, एक फोटोसेल, वर कवच. बस्स! तीन चाकांपैकी पुढचं चाक गाडी ओढायचं आणि वळवायचंही. फोटोसेल त्याच दांड्यावर बसवलेला, त्यामुळे चाक जिकडे वळेल तिकडेच 'डोळा' बघणार. उजेड दिसेपर्यंत चाक गोल फिरत राहायचं, कासव भटकायचं. मध्यम उजेड दिसला की वळणं थांबून कासव त्याच्याकडे निघायचं. उजेड फार प्रखर झाला की तोंड फिरवायचं. कवच कशावर आपटलं तर एक स्विच बंद होऊन सर्किट ऑसिलेटर बनायचं आणि कासव ढकलत, वळत वाट काढायचं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो बॅटरीचा भाग. बॅटरी उतरली की ॲम्प्लिफायरही मंदावतो. मग एरवी डोळ्यात खुपणारा प्रखर दिवा कासवाला सौम्य वाटू लागतो आणि ते सरळ त्या दिव्याखालच्या खोपटात शिरतं. तिथे चार्जर! पोट भरलं की तोच दिवा पुन्हा सहन होत नाही, कासव बाहेर. 'भूक' नावाचा वेगळा पार्ट कुठेच नाही. ज्या उणिवेला आपण लॅबमध्ये शिव्या घालतो, तिचंच यांनी काम करून घेतलं.

कासवाच्या पुढे एक छोटा बल्ब होता. वळणारी मोटर चालू तोवर तो पेटलेला असायचा. कासव आरशासमोर आलं की स्वतःचाच बल्ब दिसून मोटर थांबायची, बल्ब विझायचा, उजेड गेला म्हणून पुन्हा पेटायचा. कासव आरशापुढे लुकलुकत नाचायचं! एखाद्या प्राण्याने असं केलं असतं तर लोकांनी ती स्वतःची ओळख मानली असती, असं वॉल्टर म्हणत. इथे ते जरा वाहवत गेले असं मला वाटतं, पण ओळख आणि नुसतं सर्किट यांत फरक नेमका कसा करायचा, याचं उत्तर मलाही देता येत नाही.

१९५१ मध्ये आणखी सहा कासवं तयार झाली आणि लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लोकांनी त्यांतली काही पाहिली. वॉल्टर यांना प्रसिद्धी मिळाली ती या 'खेळण्यांमुळे', पण खरं काम मेंदूचंच चालू होतं. पुढे काहीतरी करायचंय अशी अपेक्षा असताना मेंदूत एक संथ लहर आधीच उमटते, हे त्यांनी १९६४ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलं.

१९७० मध्ये स्कूटरवरून जाताना त्यांना अपघात झाला. मार डोक्यालाच बसला. ते वाचले, पण पहिल्यासारखं काम पुन्हा झालं नाही. १९७७ मध्ये ते गेले. त्या सहांपैकी एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.